गाईंचा खिळा

गेल्या आठवड्यात आमच्या सभाघराची जुनी जमीन उखडली. मनोऱ्यात घड्याळ बसलंच आहे, आता मधोमध लोखंडी शेगडी बसणार आणि तिच्याखाली नव्या गुळगुळीत फळ्या. देवाचं घर आहे की हार्टफर्ड शहरातली खानावळ, असं मी विचारलं, तर आमचा नवा गायनमास्तर हसला आणि म्हणाला, "डीकन एलिहू, पाय गरम असले की सूर बरा लागतो." आमचे पाय उभा जन्म गारठले, म्हणून आम्ही काय बेसूर होतो?

होतो म्हणा थोडे. पण ते मी त्याला सांगणार नाही.

सुतार बिचारा चांगला माणूस. उखडलेल्या फळ्यांतून त्यानं दोन मोठे पितळी खिळे उपटून काढले. एक कुठल्याशा पोरानं लांबवला. दुसरा सुतारानं माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "हा तुमच्याच ओळखीचा, आजोबा." खिळा डोक्याशी घासून पार चपटा झाला होता. मी तो खिशात टाकला आणि घरी आलो. जेवण गेलं नाही.

आमच्या वेळी गावाचं असं घड्याळ नव्हतंच. दक्षिणेच्या उंच खिडकीला मधोमध एक उभी दांडी होती, तिची सावली जमिनीवर पडायची आणि दिवसभर सरकत राहायची. जुन्या राखणदारानं बरोबर मध्यान्हीला सावली जिथं यायची तिथं एक खिळा ठोकला. हा जेवणाचा खिळा. आणि दुपारी तीनला जिथं यायची तिथं दुसरा. हा गाईंचा खिळा, कारण त्या सुमाराला घराकडे निघालं तरच धारा वेळेवर निघायच्या. उन्हाळ्या-हिवाळ्यात थोडा फरक पडायचा, पण गाईंनी कधी तक्रार केली नाही. प्रवचन चालू असताना अख्ख्या गावाचे डोळे वर पाद्रीसाहेबांकडे कमी आणि खाली त्या सावलीकडे जास्त असायचे.

आणि पाद्री स्टेडमन बोलायला लागले की ती सावलीसुद्धा कंटाळायची. पंचक्रोशीत त्यांच्या लांबणीची चेष्टा होती. व्यासपीठावर काचेच्या पेल्यासारखं वाळूचं घड्याळ असायचं, तासाभराचं, ते ते स्वतः उलटायचे आणि म्हणायचे, "अजून एक पेला घेऊ या." शेजारच्या गावात म्हणायचे की स्टेडमनच्या प्रवचनाला जाताना दाढी करून जावं, म्हणजे परत येताना दाढी किती वाढली त्यावरून मुद्दे मोजता येतात. पण माणूस सोन्यासारखा. गोवर आला तेव्हा घराघरात जाऊन बसला. तेव्हा मात्र एक शब्द बोलायचा नाही.

मी डीकन, म्हणजे सभाघरातला पाद्रीचा मदतनीस, आणि माझं काम स्तोत्राचं. तेव्हा सगळ्यांकडे पुस्तकं नव्हती, असली तरी निम्म्यांना वाचता येत नव्हतं. व्यासपीठाच्या खाली, लोकांकडे तोंड करून डीकनचा बाक. तिथं उभं राहून मी एक ओळ म्हणायचो, मग सगळे ती ओळ गायचे. मग दुसरी ओळ. गाणं म्हणजे काय, ज्याला जशी चाल आठवेल तशी त्यानं ओढायची, वळवायची, खाली आणायची, आणि जो शेवटी थांबेल त्याची भक्ती मोठी. विधवा हुल्डा लूमिसला या बाबतीत कुणी हरवू शकत नसे. सगळे थांबले, मी पुढची ओळ म्हणायला तोंड उघडलं, तरी तिचा स्वर छताशी घुटमळत असायचा. भांडणातही तसंच. खांबाशीसुद्धा भांडेल आणि शेवटचा शब्द तिचाच असेल, असं आम्ही म्हणायचो.

आता पोरं स्वर वाचून गातात, टाळी दिल्यासारखी एकदम थांबतात. चांगलं वाटतं ऐकायला. पण त्या गाण्यात कुणाला दडायला जागा नाही.

हे आठवायचं कारण केझाया प्रॅट. त्याला आता चाळीसच्या वर वर्षं झाली. तेव्हा इंग्लंडचा राजा अजून आमचा होता, पण लांब समुद्रापलीकडे. न्यूयॉर्कवाल्यांना गव्हर्नर राजा पाठवायचा, आम्ही कनेक्टिकटवाले आमचा आम्ही निवडायचो, दर मे महिन्यात. त्याचा आम्हाला केवढा तोरा! निवडणुकीच्या आठवड्यात घराघरात मोठा केक व्हायचा, मनुका आणि जायफळ घातलेला, यीस्टवर रात्रभर फुगवलेला. त्याचा वास गल्लीभर सुटायचा. गव्हर्नर कोण झाला हे कळायच्या आधी कुणाचा केक न फुगता बसला हे गावाला कळायचं.

केझाया वीस वर्षांची, नदीकाठच्या एका शेतावर कामाला. अनाथ. फेब्रुवारीत गोठ्यामागच्या बर्फात तिचं मेलेलं बाळ सापडलं. ती म्हणाली, मेलेलंच जन्मलं. पण जन्म लपवला आणि मेलेलंच जन्मलं याला साक्षीदार नाही, तर आई खुनी, असा कायदा होता. साक्षीदार कुठून आणणार? गोठ्यात एकटी होती. बापाचं नाव तिनं कोर्टातही सांगितलं नाही. फाशी ठरली, निकाल साधा दोन ओळींचा. दिवस पडला मे महिन्यातला, निवडणुकीच्या आदल्याच दिवशीचा, बुधवारचा.

पाद्री स्टेडमन घोड्याचे पाय मोडेस्तोवर तो दामटत गव्हर्नरकडे जाऊन आले. आले ते अंगणातच बसले. मी पाणी दिलं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, माझ्या हातात काही नाही." त्यांनी पाणी तसंच धरून ठेवलं. "माफी द्यायची तर ती असेंब्लीनं. असेंब्ली भरणार निवडणूक झाल्यावर. म्हणजे पुढल्या आठवड्यात."

"आणि फाशी या बुधवारी."

"अर्ज त्यांनी ठेवून घेतलाय. भला माणूस आहे. म्हणाला, राजाचा गव्हर्नर असतो तर एका सहीनं सोडवली असती. आपल्याच लोकांनी तो अधिकार मला दिला नाही, कारण राजासारखं कुणी वागू नये." मग ते हसले, पण ते हसू बघवेना. "काय एलिहू, इतका अभिमान होता ना आपल्याला?"

आम्ही काही संत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. गावात निम्मे लोक म्हणत होते, कायदा तो कायदा. मीही त्यातलाच. विधवा हुल्डा तर म्हणाली, "पोर पोटात धरताना लाज वाटली नाही, आता मरताना रडून काय उपयोग?" आणि समोरच्या बाकावर जागा मिळावी म्हणून मंगळवारीच आपली पायउशी ठेवून गेली.

खरा घोर होता शेरिफ ओझायस बन्सला. फाशी द्यायला माणूस मिळेना. रम देऊ केली, कोट देऊ केला, तरी कुणी येईना. माणूस नसेल तर शेरिफनं स्वतः द्यायची, असा नियम. आणि बन्स नियमाचा असा पक्का, की स्तोत्र चालू असताना कुजबुजला म्हणून त्यानं सख्ख्या मेहुण्याला दंड केला होता. गावात खिशातलं घड्याळ एकट्या त्याच्याकडे. रोज मध्यान्हीला येऊन जेवणाच्या खिळ्यावर तो ते लावायचा. "शेरिफचं घड्याळ चुकलं तर सूर्याला दंड होईल," असं आम्ही म्हणायचो.

बुधवारी सकाळी मी त्याच्याकडे गेलो, केझायासाठी सभाघरात बाक कुठं ठेवायचा ते विचारायला. स्वयंपाकघरात बन्सबाई निवडणुकीच्या केकचं पीठ मळत होत्या, कोपरापर्यंत हात पिठात. शेरिफ टेबलाशी बसून फाशीचं वॉरंट पुन्हा पुन्हा वाचत होता.

"दुपारी बारा ते तीन," तो मला म्हणाला. "या वेळेत. आधी नाही, नंतर नाही. नंतर केलं तर तो खून, आणि मग मला टांगतील."

"अहो," बन्सबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या.

"काय?"

"आज घरी आलात की बाहेरच हात धुवा. तरीही माझ्या पिठाला हात लावू नका. या वर्षी नाही, पुढच्याही नाही."

 त्या दोघांची बावीस वर्षांची सोबत होती आणि तोच दर वर्षी मनुका घालायला बसायचा, हे मला माहीत होतं. मी बाकाचं न विचारताच निघालो.

ऊन लख्ख होतं. दहा गावचे लोक आले होते. मक्याची भाकरी, खारवलेलं डुक्कर, सफरचंदाच्या सायडरचे बुधले घेऊन. सभाघर खचाखच भरलं, मावले नाहीत ते बाहेर टेकाडाकडे गेले. तिथं गुरांच्या कुरणामागे फाशीचा खांब उभा केला होता, इतक्या जवळ की दारातून त्याचं टोक दिसायचं. फाशीआधी प्रवचन झालंच पाहिजे, ही आमची रीत. मरणाऱ्याला समोर बसवायचं, त्याला आणि त्याच्या निमित्तानं सगळ्यांना ऐकवायचं, मग स्तोत्र, मग आशीर्वाद, मग गाडी.

केझायाला मधल्या वाटेवर एकट्या बाकावर बसवलं. हातात साखळी. समोरच जमिनीत ते दोन खिळे. एक तिच्या डाव्या बाजूला जरा लांब, आणि गाईंचा खिळा तिच्या पायाशीच. मी बरोबर तिच्या समोर. तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

पाद्री स्टेडमन उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, आज तरी मेघ गडगडणार, नरक उघडणार. त्यांनी काढला काइन. भावाला मारणारा काइन, आणि त्याला कुणी मारू नये म्हणून देवानं त्याच्या कपाळावर केलेली खूण. तिथून ते नोहाकडे गेले. नोहाकडून दाविदाकडे. एक पेला संपला, उलटला. जेवणाच्या खिळ्यावरून सावली गेली तेव्हा ते आठव्या मुद्द्यावर होते. दुसरा उलटला. मुलं रडली, त्यांना बाहेर नेलं. बाराव्या मुद्द्याला विधवा हुल्डानं पायउशीवर पाय बदलला आणि इतक्या जोरात उसासा टाकला की मागच्या रांगेत हसू आलं. शेरिफ दाराशी उभा, चेहरा राखेसारखा. मला वाटलं, या माणसाला आज तरी आवरतं घ्यायची अक्कल हवी होती. त्या पोरीला तासन् तास तिथं बसवून ठेवण्यात कसली दया?

शेवटी ते संपले. प्रार्थना झाली. सावली दोन खिळ्यांच्या मध्ये कुठंतरी होती.

"एक्कावन्नावं स्तोत्र," पाद्री म्हणाले आणि बसले.

एवढंच. आमच्यात पाद्री सांगायचा, अमक्या ओळीपासून तमक्या ओळीपर्यंत. चार कडवी, सहा कडवी. ते सांगितलं नाही तर डीकननं शेवटपर्यंत जायचं, ही रीत. मी वळून वर पाहिलं. पाद्री स्टेडमन डोळे मिटून बसले होते, झोपी गेल्यासारखे.

खोटं कशाला बोलू, पहिली ओळ सांगितली तेव्हा माझ्या डोक्यात काही नव्हतं. पश्चात्तापाचं स्तोत्र, तर चाल लांबणीची, म्हणून मी सगळ्यात रेंगाळणारी चाल उचलली. लोकांनी ओळ ओढली. दुसरी ओळ सांगायला मी मान वर केली, तर केझाया खाली पाहत होती. मी तिच्या नजरेमागून पाहिलं. ती सावलीकडे पाहत होती. दांडीची काळी रेघ आणि गाईंचा खिळा, आणि मधली फळ्यांची जागा. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

दुसरी ओळ मी शब्द शब्द सुटा करून म्हटली.

शेरिफला काही करता येईना. स्तोत्र चालू असताना आवाज केला, उठलं, गेलं, तर दंड. तो दंड त्यानं स्वतः वसूल केलेला. तो दाराशी टोपी हातात घेऊन उभा राहिला. एक कायदा त्याला ओढत होता, दुसऱ्यानं बांधलं होतं, आणि दोन्ही कायदे त्याला पाठ.

चौथ्या-पाचव्या कडव्याला मला जाणवलं, आवाज जड झालाय. मी तर मुद्दाम हळू म्हणत होतोच, पण लोकही हळू गात होते. आधी खिडकीजवळचे, ज्यांना सावली दिसत होती. मग त्यांच्या मागचे. एकमेकांकडे कुणी पाहिलं नाही, खूण केली नाही. लोहार कधी गायचा नाही, तो गात होता. प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर असा लोंबायला लागला की पुढची ओळ सांगायला मला थांबावं लागे, आणि मी थांबत होतो. आणि सगळ्यांच्या वर, सगळ्यांच्या नंतर, छताशी, विधवा हुल्डा. ती केझायाकडे बघत होती. सकाळपासूनची ती नजर आता नव्हतीच. तिनं असा स्वर धरला की मला वाटलं हिचा श्वास जाईल. तो संपेना. तो संपू नये असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

तसं गाणं मी पुन्हा ऐकलं नाही. एकाचा सूर दुसऱ्याला लागत नव्हता. आणि तरी माझ्या अंगावर काटा होता. हे मी गायनमास्तराला कसं सांगू?

पण स्तोत्राला शेवट असतोच. आम्ही कितीही ओढलं तरी शेवटची ओळ आली, हुल्डाचासुद्धा श्वास संपला. पाद्री स्टेडमननी आशीर्वाद दिला आणि खाली बसले. मी खाली पाहिलं. सावली गाईंच्या खिळ्यापासून चांगली हातभर लांब होती.

पुरलं नव्हतं. टेकाड दोन हाकांवर. गाडी दाराशी. तेवढ्या वेळात काम उरकून शेरिफला हातही धुता आले असते.

शेरिफ बन्स मधल्या वाटेनं पुढे आला. केझायाच्या बाकाजवळ थांबला. खिशातून घड्याळ काढलं, तळहातावर धरलं. खूप वेळ बघत राहिला. मग त्यानं झाकण मिटलं. त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"वेळ टळली," तो म्हणाला. "गाईंचा खिळा गेला. हे वॉरंट आता मेलं."

सावली त्याच्या बुटाशी होती. खिळा तिच्यापलीकडे उन्हात चमकत होता. शेरिफ बन्स, जो सूर्याला दंड करील म्हणून आम्ही थट्टा करायचो, तो देवाच्या घरात, भर उन्हात, सगळ्यांच्या देखत खोटं बोलला होता, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

 मला बाकांवरचे डोळे दिसत होते. खाली जाणारे, खिळ्यावर जाणारे, परत वर येणारे. आमचं गाव कुंपणाच्या वीतभर जागेसाठी तीन तीन पिढ्या भांडणारं. आणि पहिल्या बाकावर विधवा हुल्डा. तिनं तोंड उघडलं.  संपलं, मी म्हटलं.

"अगं बाई," हुल्डा मोठ्यानं म्हणाली, "म्हणजे माझ्या गाई हंबरून मेल्या असतील!" आणि पायउशी काखेत मारून उठली.

मग सगळेच उठले. ज्याच्याकडे गाय नव्हती तोसुद्धा गाईच्या नावानं निघाला. बाहेर टेकाडावरचे लोक चवताळले. एक आडदांड माणूस ओरडला, "एवढ्यात कसले तीन? सूर्य बघा कुठाय!"

"तुमच्या गावचा सूर्य तुमच्या गावी बघा," हुल्डा त्याच्या अंगावरून जात म्हणाली. "आमच्याकडे खिळा आहे. आणि आमचा शेरिफ आहे." शेवटचा शब्द अर्थातच तिचा.

पुढच्या आठवड्यात असेंब्ली भरली, अर्ज वाचला गेला. जीव वाचला. शिक्षा म्हणून केझायाला गळ्यात दोर घालून तासभर त्याच खांबाखाली बसावं लागलं. तेही आम्ही पाहिलं. त्या दिवशी भाकऱ्या घेऊन कुणी आलं नाही. संध्याकाळी बन्सबाई गेल्या आणि तिला हाताला धरून घरी घेऊन आल्या. शेरिफ अंगणात हात धुऊन नव्या केकसाठी मनुका निवडत बसला होता.

त्या दिवसाबद्दल गावात कुणी कधी बोललं नाही. नवऱ्यानं बायकोशी नाही, बायकोनं विहिरीवर नाही. एकदा, पाद्री स्टेडमनचे शेवटचे दिवस होते तेव्हा मी विचारलं, "पाद्रीसाहेब, त्या दिवशी ओळी सांगायच्या राहिल्या कशा?"

"वय झालं, एलिहू. विसरायला होतं."

"तेव्हा तुम्ही पंचेचाळीसचे होता."

"मग लवकर सुरुवात झाली," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड वळवलं.

सगळे गेले आता. पाद्री, शेरिफ, बन्सबाई, हुल्डा. राजाही गेला, कायदेही बदलत चाललेत, बरं आहे. पण त्या गावाची मला फार आठवण येते. भांडकुदळ, कंजूष, एकमेकांचे केक बसावेत म्हणून मनात इच्छा करणारं, आणि ते एवढं मोठं खोटं चाळीस वर्षं एकत्र सांभाळणारं. आता असं सगळ्यांना मिळून गप्प बसता येईल का, मला माहीत नाही.

काल केझाया आली. तिचं लग्न झालं नाही. बन्सबाईंचं घर आणि त्यांचा केक तिच्याकडे आला. दर वर्षी निवडणुकीच्या आठवड्यात ती मला एक तुकडा आणून देते, फडक्यात बांधून. माझ्या दारात दोन खुर्च्या आहेत, आम्ही बसतो, हवापाण्याचं बोलतो. चाळीस वर्षं हवापाण्याचंच बोलतोय.

मी खिशातून खिळा काढून तिच्यापुढे धरला.

तिनं लगेच हात पुढे केला नाही. "हा गाईंचा," ती म्हणाली.

"ओळखलास?"

"जेवणाचा जरा कमी घासलेला होता." तिनं खिळा घेतला, अंगठ्यानं त्याचं डोकं पुसलं. "माझ्या पायाशी होता, डीकन."

मी खुर्ची जरा तिच्याकडे ओढली.

"हातभर लांब होती," ती म्हणाली. "सावली."

एवढी वर्षं माझी समजूत होती की ते आम्हाला माहीत होतं, तिला नाही. मान खाली, बिचारी घाबरलेली, तिला काय कळणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. ती तर दुसरं काही पाहतच नव्हती, आणि ते मी स्वतः पाहिलं होतं.

"तुला दिसलं होतं?"

"मी दुसरं काय बघणार होते?" ती हलकेच म्हणाली. "शेरिफ म्हणाले खिळा गेला. मला समोर दिसत होतं, गेला नाही. वाटलं, आता कुणीतरी बोलेल. बोलणारच. एवढी माणसं होती. कुणीही एक शब्द बोललं असतं तरी पुरे होतं. मी नुसती ऐकत बसले. हुल्डामावशींनी तोंड उघडलं तेव्हा माझे कान बंद झाले. त्या गाईंचं काय बोलल्या ते मला बन्सबाईंनी नंतर सांगितलं."

ती खिळ्याकडे पाहत होती. "अजून प्रार्थना संपून सगळे गप्प होतात ना, तेव्हा माझी छाती धडधडते. कुणी खोकलं तरी वाटतं, आता म्हणणार. अजून वाटतं, डीकन. ते सगळे मेले, तरी वाटतं."

 मी तिच्या हातावर हात ठेवला. खिळा दोघांच्या हातांमध्ये होता, आणि गरम झाला होता.

"मी त्या दिवशी गायले नाही," ती म्हणाली. "मरणाऱ्यानं गायचं असतं, पण माझा आवाज फुटला नाही. सगळे माझ्यासाठी ओढत होते आणि मी नुसती बसले होते. एक ओळ सांगा ना."

"आता? इथं?"

"आता कुणाला दंड होणार आहे?"

मी घसा साफ केला. माझा आवाज आता फाटक्या भात्यासारखा झालाय. त्या स्तोत्राची पहिली ओळ मी तिला सांगितली, शब्द शब्द सुटा करून, त्याच जुन्या रेंगाळणाऱ्या चालीत. तिनं ती उचलली. बारीक, थरथरणारा आवाज, सूर कुठल्या कुठे. आम्ही दोघं मिळून ओढत होतो तेवढ्यात मनोऱ्यातल्या नव्या घड्याळानं तीनचे ठोके द्यायला सुरुवात केली. मी दचकून थांबलो.

केझाया थांबली नाही. ठोके संपले, तिचा स्वर अजून चालूच होता. मी पुढची ओळ सांगायची घाई केली नाही.